वॉर्डातल्या माणसांचं बरं-वाईट ड्यूटी लिस्टवर ठरतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोनशे खाटांच्या एका रुग्णालयात नुकतीच परिसेविका (वॉर्डाची इनचार्ज सिस्टर) म्हणून बढती मिळालेल्या एका सिस्टरकडे चाळीस खाटांचा पुरुष मेडिसिन वॉर्ड आला आहे. यादीत आठ स्टाफ नर्स आहेत. दोघी सारख्या एकेका दिवसाची आजारी रजा टाकतात, एकीची बदलीसाठी धडपड चालली आहे, बाकीच्या एकमेकींवर चिडतात. प्रशासनाने ताणमुक्तीची दोन शिबिरं घेतली, काही फरक पडला नाही. त्या विचारतात, आरोग्य कर्मचाऱ्याचं कामावरचं स्वास्थ्य नेमकं कशावर ठरतं, आणि त्यातलं माझ्या हातात काय आहे?

सिस्टर, तुमच्या हातात तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरंच आहे, कारण ड्यूटी लिस्ट तुम्ही लावता. मी सरकारी रुग्णालयांत स्टाफ नर्स म्हणून लागले आणि अधिसेविका (मेट्रन) म्हणून निवृत्त झाले. वॉर्ड आतून कसा आहे हे समजून घ्यायचं असलं की मी कुणाशी बोलण्याआधी मागच्या तीन महिन्यांच्या ड्यूटी लिस्ट मागवून घेत असे. कोण दमलंय, कुणावर अन्याय होतोय, कोण कुणाची ड्यूटी करतंय, सगळं त्यात दिसतं.

आधी तुमच्या आठ नावांचा हिशोब मांडू. तो एकदा नीट समजला की सिस्टर का चिडतात हे वेगळं विचारावं लागत नाही.

एका शिफ्टला एक जागा वर्षभर भरायची तर ३६५ ड्यूट्या लागतात. एक सिस्टर वर्षाला किती ड्यूट्या देऊ शकते? ५२ साप्ताहिक सुट्ट्या, ३० अर्जित रजा, ८ किरकोळ रजा वजा केल्या की उरतात २७५. सणांच्या सुट्ट्या आणि आजारपण मी धरलेलंच नाही. म्हणजे जिथे एक जागा दिसते तिथे प्रत्यक्षात सव्वा ते दीड माणूस लागतं. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत मंजूर पदांवर ३० टक्के रजा-राखीव पदं सांगितली आहेत, त्यामागचं गणित हेच आहे. परिषदेचा सर्वसाधारण रुग्णालयातल्या जनरल वॉर्डाचा निकष पाच रुग्णांमागे एक परिचारिका, म्हणजे प्रत्येक शिफ्टला पंधरा रुग्णांमागे एक. अध्यापन रुग्णालयात तो तिनाला एक, शिफ्टला नवामागे एक. तुमच्या चाळीस खाटांना शिफ्टला तिघी हव्यात. तीन शिफ्टच्या मिळून नऊ जागा, वर्षाला ३,२८५ ड्यूट्या, म्हणजे यादीत बारा नावं.

तुमच्याकडे आठ आहेत. आठ जणी वर्षाला २,२०० ड्यूट्या देतात. त्यात शिफ्टला दोघी बसतात, तेही जेमतेम, दहा ड्यूट्या शिल्लक ठेवून. याचा अर्थ वर्षभरात आठ जणींपैकी कुणालाही ताप यायचा नाही, कुणाचं मूल आजारी पडायचं नाही, कुणी बाळंतपणाच्या रजेवर जायचं नाही. यातलं काहीही झालं की कुणाची तरी डबल ड्यूटी ठरलेली. आणि चाळीस खाटा हा कागदावरचा आकडा. पावसाळ्यात डेंगी-लेप्टोचे रुग्ण सुरू झाले की जमिनीवर गाद्या पडतात आणि दोघींच्या वाट्याला पन्नास-पंचावन्न रुग्ण येतात. ज्या दोघी एकेका दिवसाची आजारी रजा टाकतात, त्यांच्या रजा नाईट संपल्यानंतरच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी पडतात का, एवढं तपासून बघा. तसं असेल तर त्या कामचुकार नाहीत. नियमाने मिळायला हवी ती विश्रांती त्या आजारी रजेतून वसूल करतायत.

हा भार रुग्णांपर्यंतही पोचतो. संशोधक लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते आणि परिचारिका कामाने पोखरून निघण्याची (बर्नआउट) शक्यता २३ टक्क्यांनी, असं त्यात दिसलं. दोन्ही आकडे एकाच कारणातून आले आहेत. म्हणून जादा सिस्टर मागताना ‘आमचा ताण कमी करा’ एवढंच म्हणू नका. रुग्णाच्या जिवाची बाजू आधी मांडा, कारण ती तितकीच खरी आहे आणि प्रशासनाला ती टाळता येत नाही.

नवीन पदं काही उद्या मिळणार नाहीत. तोवर त्याच आठ नावांतून चांगली यादी आणि वाईट यादी यांत मोठा फरक पडतो.

इव्हिनिंग करून दुसऱ्या दिवशी मॉर्निंग, ही जोड शक्य तितकी बंद करा. इव्हिनिंग कागदावर आठला संपते. हँडओव्हर देऊन, इंजेक्शनची नोंद पुरी करून, बस-लोकल धरून घरी पोचायला दहा. सकाळी पुन्हा पाचला उठायचं, डबे करायचे, साडेसातला वॉर्डात. युरोपीय संघात दोन पाळ्यांमध्ये सलग अकरा तासांची विश्रांती कायद्याने द्यावी लागते. आपल्याकडे तसा कायदा नसला तरी तुम्ही यादी लावताना तो नियम पाळू शकता. क्रम मॉर्निंगकडून इव्हिनिंगकडे, तिथून नाईटकडे असा पुढे सरकता ठेवा. शरीराला उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं जमत नाही. आणि नाईट संपवून सकाळी घरी आलेला दिवस ‘ऑफ’ म्हणून कधीही धरू नका. तो झोपेत जातो. खरा ऑफ त्याच्या पुढचा.

यादी कधी लागते, हेही तितकंच महत्त्वाचं आहे. शनिवारी संध्याकाळी सोमवारपासूनची यादी लावणारे वॉर्ड मी पाहिले आहेत. तिथल्या सिस्टरला मुलाची पालकसभा, सासऱ्यांची डोळ्यांची तपासणी, स्वतःची सोनोग्राफी, कशाचीच तारीख घेता येत नाही. कामाचा रेटा जास्त आणि स्वतःच्या वेळेवर ताबा काहीच नाही, ही जोडी माणसाला सर्वांत जास्त आजारी पाडते, हे संशोधक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं. रेटा तुम्हाला लगेच कमी करता येत नाही. ताबा देता येतो. महिन्याची यादी पंधरा दिवस आधी लावा, आपसांत ड्यूटी बदलून घ्यायला परवानगी द्या, फक्त दोघींच्या सह्या आणि तुमची नोंद एवढी अट ठेवा.

सणांची वहीच वेगळी करा. दिवाळीला मागच्या वर्षी कोण होतं, ईदला कोण, नाताळला कोण, हे लिहिलेलं असलं की वाद निम्मे मिटतात. कोकणातल्या सिस्टरला गणपतीला गावी जायचं असतं आणि रेल्वेचं बुकिंग साठ दिवस आधी उघडतं. तिला तेव्हाच ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगा. ‘नाही’ मिळालं तरी माणूस सोसतं. आदल्या आठवड्यापर्यंत लटकत ठेवलं की मन उडतं. आणि इनचार्जच्या मर्जीतल्या एकीला कायम मॉर्निंग मिळते हे बाकीच्यांना पहिल्याच महिन्यात कळतं. कमी पगारापेक्षा हे जास्त जिव्हारी लागतं.

आता त्या कामांकडे या ज्यांचा रुग्णसेवेशी संबंध नाही. औषधांचं इंडेंट (मागणीपत्र), लिनन मोजणं, सीटी स्कॅनला रुग्णाबरोबर जाणं, रिपोर्टसाठी लॅबला फोन, संगणकावर एंट्री आणि तीच एंट्री पुन्हा रजिस्टरमध्ये. एका आठवड्यात प्रत्येक शिफ्टला यात किती वेळ जातो याची साधी नोंद ठेवायला सांगा. सर्वांत वाईट असतं ते डेड स्टॉकचं, म्हणजे नोंदवहीत असलेल्या वॉर्डाच्या सामानाच्या जबाबदारीचं ओझं. बीपीचं यंत्र हरवलं, चादरी कमी भरल्या, की भरपाई सिस्टरच्या खिशातून, ही भीती डोक्यावर असली की सिस्टर रुग्णापेक्षा वस्तूंवर लक्ष ठेवते. मोडकं सामान वेळच्या वेळी निर्लेखित करून (नोंदीतून काढून) घ्या. पदभार घेताना तुम्ही स्वतः प्रत्यक्ष मोजणी केली नसेल तर या आठवड्यातच करा आणि तफावत लेखी कळवा.

मारहाणीचा विषय तुमच्या प्रश्नात नाही, तरी पुरुष मेडिसिन वॉर्ड म्हटल्यावर मी तो सोडू शकत नाही. महाराष्ट्रात २०१० पासून वैद्यकीय सेवेतल्या व्यक्ती आणि संस्थांवरच्या हिंसेविरुद्ध कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. कायदा चांगला आहे, पण त्याचा उपयोग करायला पोलिस ठाण्यात कोण जातं? बहुतेक वेळा मार खाल्लेली सिस्टर एकटी जाते, नाईट संपवून. मग नातेवाईक समजुतीला येतात, वरिष्ठ ‘जाऊ दे’ म्हणतात, तक्रार मागे घेतली जाते आणि ती सिस्टर पुढे कायम दाराकडे डोळा ठेवून काम करते. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने आपल्या रुग्णालयांना आदेश दिला की हल्ला झाल्यास सहा तासांच्या आत संस्थाप्रमुखाने संस्थेच्या नावाने एफआयआर नोंदवावा. तुमच्या रुग्णालयाला तो लागू असो वा नसो, हीच पद्धत तुमच्याकडे लेखी ठरवून घ्या. तक्रारदार संस्था असली की दबाव एका बाईवर येत नाही.

हल्ले बहुधा मृत्यू सांगण्याच्या वेळी होतात, तेही रात्री. मृत्यू घोषित करून निवासी डॉक्टर पुढच्या कॉलला पळतो आणि सिस्टर वीस नातेवाइकांसमोर उभी राहते. डॉक्टरांच्या युनिट हेडशी बोलून एक गोष्ट पक्की करा: रुग्ण गंभीर आहे हे नातेवाइकांना त्या दिवशी डॉक्टरांनीच आधी सांगितलेलं असेल, केस पेपरवर त्याची नोंद आणि सही असेल, आणि मृत्यू सांगताना डॉक्टर, सिस्टर आणि सुरक्षारक्षक तिघं एकत्र असतील. नातेवाइकांना पासावरच आत सोडायची पद्धत ढिली असेल तर हे सगळं व्यर्थ जातं, म्हणून तीही बघा.

याच संदर्भात खोल्यांचं बोलते. २७ नोव्हेंबर १९७३ ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला तेव्हा त्या ड्यूटी संपवून तळघरात कपडे बदलत होत्या. त्यातून त्या कधीच सावरल्या नाहीत; पुढची बेचाळीस वर्षं, १८ मे २०१५ ला त्या गेल्या तोवर, केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. २०२४ मध्ये आर. जी. करमधली ती तरुण डॉक्टर हल्ल्याच्या वेळी लांबलचक ड्यूटीनंतर सेमिनार हॉलमध्ये झोपली होती. पन्नास वर्षांचं अंतर, आणि दोन्ही ठिकाणी एका कामकरी बाईला कपडे बदलायला किंवा पाठ टेकायला आतून कडी लागणारी, माणसांच्या वावरातली खोली नव्हती. तुमच्या वॉर्डाची चेंजिंग रूम आज रात्री अकरा वाजता जाऊन बघा. कडी आहे का, दिवा लागतो का, संडासात पाणी आहे का, तिथून वॉर्डापर्यंतच्या वाटेत अंधार कुठे आहे. पाळी चालू असलेल्या सिस्टरला बारा तासांच्या नाईटमध्ये पॅड बदलायला कुठे जावं लागतं, हे विचारा. कुणीच विचारत नाही म्हणून त्याही सांगत नाहीत. रात्री कँटीन बंद असतं, निदान गरम पाणी आणि चहाची सोय वॉर्डात असावी. या मागण्या लहान वाटतात, पण ‘इथे माझी कुणाला काळजी आहे का’ याचं उत्तर माणूस अशाच गोष्टींतून शोधतं.

आणि मग चूक. औषधाचा डोस चुकतो, रुग्ण खाटेवरून पडतो, सलाइन चालू राहून जातं. त्या पहिल्या तासात इनचार्ज काय बोलते यावर वॉर्डाची पुढची कित्येक वर्षं ठरतात. चुकीने हादरलेल्या कर्मचाऱ्याला अमेरिकी डॉक्टर अल्बर्ट वू यांनी २००० साली ‘दुसरा बळी’ म्हटलं, ते मला अनुभवाने पटतं. सिस्टर झोपत नाही, प्रत्येक अँप्यूल चारदा वाचते, काही जणी नोकरीच सोडतात. आपल्याकडे तर आधी माणूस शोधतात, मग कारण. नोव्हेंबर २०२१ मध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता कक्षाला आग लागून किमान अकरा रुग्ण गेले. काही दिवसांतच एका डॉक्टरला आणि परिचारिकांना अटक झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाल्यावर एका खासदाराने अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं आणि ते सगळ्या राज्याने टीव्हीवर पाहिलं. अधिष्ठात्याची ही गत, तर आपलं काय, हे त्या दिवशी प्रत्येक वॉर्डातल्या प्रत्येक सिस्टरच्या मनात आलं. अशा भीतीत लोक चुका लपवतात, आणि लपवलेली चूक दुसऱ्या वॉर्डात पुन्हा होते.

तुमच्या पातळीवर एवढं करा. चूक कळली की आधी रुग्ण सांभाळा. मग त्या सिस्टरला बाजूला बसवा, पाणी द्या, उरलेली ड्यूटी दुसरीकडे सोपवा, तिला एकटीला घरी पाठवू नका. जबाब आणि मेमो दुसऱ्या दिवशी. चौकशीत ‘कुणी केलं’च्या आधी ‘कसं घडलं’ लिहा: त्या वेळी वॉर्डात किती रुग्ण होते, ती कितवी सलग ड्यूटी होती, दोन अँप्यूल सारख्या दिसत होत्या का. निष्काळजीपणा खरोखर असेल तर कारवाई व्हायलाच हवी, त्यात मला शंका नाही. पण तो ठरवण्याआधी यादी बघा.

आतापर्यंत मी सिस्टरांबद्दलच बोलले. मामा (वॉर्डबॉय), मावशी (आया), सफाईवाले, लॅबची मुलं, वॉर्डातली निवासी मंडळी हीही तुमच्या वॉर्डाची माणसं आहेत. निवासी डॉक्टरांसाठी १९९२ पासून आठवड्याला ४८ तासांची मर्यादा कागदावर आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाला ७४ तासांची शिफारस करावी लागली, यावरून प्रत्यक्ष किती होत असेल ते समजा. तो मुलगा तुमच्या सिस्टरवर खेकसतो तेव्हा हेही लक्षात असू द्या. खेकसणं चालवून घेऊ नका, पण त्याला दुसऱ्या दिवशी शांतपणे बोलवा.

सफाई कामगारांचं मात्र अजिबात पुढे ढकलू नका. सुई पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात न जाता पिवळ्या पिशवीत गेली की ती टोचते कंत्राटावरच्या मावशीला, जिला हिपॅटायटिस-बीची लस कुणी दिलेली नसते. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार कचरा हाताळणाऱ्या सगळ्यांना हिपॅटायटिस-बी आणि धनुर्वाताची लस देणं आणि वर्षातून एकदा आरोग्य तपासणी करणं ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. कंत्राटदाराचं नाव सांगून ती टळत नाही. तुमच्या वॉर्डातल्या प्रत्येकाचे तीन डोस झाले का, याची यादी करा. सुई टोचली तर एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत, आणि फार तर बहात्तर तासांच्या आत सुरू व्हायला हवं. रात्री ते कुठे मिळतं, हे भिंतीवर लिहून ठेवा.

पगारावर थोडंच लिहिते, कारण तो तुमच्या हातात नाही. खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये पन्नासपेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीही किमान वीस हजार आणि दोनशेपेक्षा जास्त खाटांच्या ठिकाणी सरकारी परिचारिकेइतका पगार सुचवला होता. तो अनेक ठिकाणी आजही मिळत नाही. तुमच्या यादीत कंत्राटी सिस्टर असतील तर एवढं पाळा: कायमस्वरूपी सिस्टरांना नको असलेल्या नाईट आणि सणाच्या ड्यूट्या त्यांच्यावर ढकलू नका. कमी पगारात जास्त रात्री, हे सोसणारी मुलगी पहिली संधी मिळताच जाते, आणि तुमची यादी सातवर येते.

शिबिरांबद्दल. योग, प्राणायाम, समुपदेशन यांना मी नाव ठेवणार नाही. मी स्वतः रोज करते आणि त्याचा फायदा होतो. पण ते ड्यूटीच्या वेळेत ठेवा, आणि नाईट करून आलेल्या सिस्टरला हजेरीसाठी थांबवू नका. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात हे कामाने पोखरलं जाणं कामाच्या ठिकाणाशी जोडलेली स्थिती म्हणून नोंदवलं आहे, आजार म्हणून नाही. म्हणून इलाजही कामाच्या ठिकाणी शोधावा लागतो. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅसलॅक यांनी त्याची तीन अंगं सांगितली: थकून रिकामं होणं, माणसांबद्दल कोरडेपणा येणं आणि आपल्या कामाला काही अर्थ नाही असं वाटणं. वॉर्डात ती अशी दिसतात. आधी ‘काका, औषध घेतलंत का’ म्हणणारी सिस्टर ‘चौदा नंबर’ म्हणू लागते. डबा एकटीच खाते. हँडओव्हर दोन वाक्यांत उरकते.

ऑफ आणि चार दिवसांची रजा मिळाल्यावर ती बरीचशी सावरत असेल, तर कामाचा भार हेच कारण धरा. रजेतही झोप नाही, भूक नाही, रडू येतं, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवते, तर ते नैराश्य असू शकतं आणि तिथे यादी पुरणार नाही. तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, शक्यतो दुसऱ्या रुग्णालयातल्या, म्हणजे ओपीडीत ओळखीचे डोळे नसतील. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. आणि ही गोष्ट वॉर्डात कुणालाही सांगू नका, रजेच्या कारणातही लिहू नका.

शेवटी प्रशासनाकडे कसं जायचं. संतापाचं पत्र लिहू नका, आकड्यांचं लिहा. मागच्या तीन महिन्यांच्या ड्यूटी लिस्ट, रोज रात्री बारा वाजताची रुग्णसंख्या, डबल ड्यूट्यांची संख्या, पडलेल्या आजारी रजा, आणि वर मांडलेलं बारा नावांचं गणित. मागणी दोन भागांत करा. पदं मंजूर होईपर्यंत ताबडतोब काय हवं, म्हणजे एक रजा-राखीव सिस्टर, एंट्रीसाठी एक लिपिक, सीटीला रुग्ण नेण्यासाठी एक मामा, चेंजिंग रूमची कडी. आणि कायमस्वरूपी काय हवं. पत्रावर तुमच्या एकटीची नको, आठही जणींची सही घ्या, अधिसेविकांमार्फत पाठवा, एक प्रत वैद्यकीय अधीक्षकांना द्या आणि तुमच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. रुग्णसंख्या वाढली आणि त्या रात्री सिस्टर दोघीच असल्या, तर तसं ड्यूटी रजिस्टरमध्ये त्याच रात्री वेळेसह लिहून ठेवायची सवय सगळ्यांना लावा.